हरणाऱ्याने काठ्या पुसायच्या

(गोल्फच्या मैदानाला लागून असलेली सरावाची छोटी हिरवळ. सकाळचा खेळ आटोपलाय. सासरे आणि जावई, दोघांच्या हातात पटर, म्हणजे चेंडू जवळून होलमध्ये ढकलायची काठी.)

सासरे : पुन्हा मारा.

जावई : बाबा, खेळ संपला. तुम्ही जिंकलात. आता हे कशाला?

सासरे : खेळ संपलाय, चौकशी नाही. तीच जागा, तोच होल. मारा.

जावई : घ्या. गेला आत.

सासरे : ऐकला मी. परत.

जावई : हाही गेला.

सासरे : परत.

जावई : बाबा, ऊन चढायला लागलं. द्या तुमच्या काठ्या इकडे, नळावर नेऊन पुसून आणतो.

सासरे : बरी घाई झालीय तुम्हाला काठ्या पुसायची! हरलेला माणूस कुरकुरतो, जावईबापू. गवत ओलं होतं म्हणतो, बूट चावत होता म्हणतो. तुम्ही आपले हरलात की फडकं काढून तयार!

जावई : आपलाच नियम आहे ना? हरेल त्याने दुसऱ्याच्या काठ्या पुसायच्या.

सासरे : नियम मी केलाय, मला नका शिकवू. मारा.

जावई : गेला. झालं समाधान?

सासरे : नाही झालं. आता हा चेंडू खरा. आजचा सामना बरोबरीत सुटला असं समजा, आणि ह्या एका फटक्यावर निकाल. आत गेला तर तुमच्या काठ्या मी पुसणार. चुकला तर माझ्या तुम्ही.

जावई : ह्या वयात तुम्ही माझ्या काठ्या पुसणार?

सासरे : वय काढू नका. फटका मारा.

जावई : ...अरेरे. चुकला.

सासरे : कुठल्या बाजूला?

जावई : उजवीकडे असेल.

सासरे : असेल म्हणजे? तुम्ही बघितलंच नाहीत!

जावई : तुम्हीच शिकवलंत ना! मान वर करायची नाही. चेंडू आत पडल्याचा आवाज येईपर्यंत नजर खाली.

सासरे : शिकवलं, घसा कोरडा पडेपर्यंत शिकवलं. आणि ऐकलंत कधी? काठी चेंडूला लागते न लागते तोच तुमची मान वर. गेला का, गेला का, गेला का! अहो, लग्नाच्या मांडवातसुद्धा तुम्ही तसेच मान वर करून बघत होतात. इतकी वर्षं ओरडून जी खोड गेली नाही, ती ह्या दोन-तीन महिन्यांत आपोआप गेली?

जावई : सुधारलो असेन.

सासरे : सुधारलेल्या माणसाचा चेंडू आत जातो. तुमचा सरावात जातो, डावावर चुकतो. आणि कसा चुकतो, तर दर वेळी उजवीकडे. खरोखर चुकणारा माणूस कधी डावीकडे चुकतो, कधी उजवीकडे, कधी अलीकडेच थांबतो. तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी मनगट जरासं उघडता. खांद्यातून छान लंबकासारखी काठी येते, येते, येते, आणि हळूच मनगट उघडतं. मग वर बघायची गरज काय? चेंडू कुठे जाणार ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं!

जावई : काहीतरीच तुमचं.

सासरे : आयुष्यभर लोकांच्या बॅगा उघडल्यात मी. विमानतळावर कस्टममध्ये उभं राहून केस पांढरे झाले. बॅगेत काय आहे ते बॅगेवरून कळत नाही, माणसावरून कळतं. ज्याच्याकडे काही नसतं ना, तो चिडतो. मलाच का अडवलं म्हणून तणतणतो. आणि ज्याच्याकडे असतं, तो सहकार्य करतो. कुलूप स्वतः उघडतो, हसतो, 'बघा की साहेब, सावकाश बघा' म्हणतो. तुम्ही हल्ली फार सहकार्य करताय.

जावई : म्हणजे आता मी चिडून दाखवू का?

सासरे : चिडा! चिडलात तर बरं वाटेल मला. आज चिडायला कारण होतं. पहिल्याच टीवरून, सुरुवातीच्या त्या खुंटीवरून, काय फटका मारलात! काठी सावकाश मागे गेली, डावं कोपर सरळ, वजन आधी मागच्या पायावर, मग कंबर फिरली आणि अंग पुढे. एरवी तुम्ही काठी अशी फिरवता, जसं कुणीतरी मागून ओढून न्यायला आलंय. आज मी टोपी काढणार होतो डोक्यावरची. मनात म्हटलं, वाकड्या सरळ झाला एकदाचा.

जावई : वाकड्या! फार दिवसांनी.

सासरे : तोंडातून गेलं. तुमच्या सासूबाई असत्या तर डोळे वटारले असते. लग्न ठरलं त्या दिवशी दम भरला होता मला, 'आता ते वाकड्या-बिकड्या बंद. जावयाला अरे-तुरे करायचं नाही.' ती गेली, पण धाक आहे अजून. ते जाऊ द्या, फाटे फोडू नका.

जावई : मी कुठे फोडतोय?

सासरे : तुमचे फटके सांगतोय मी. टीवरून लांबवर मारलेला चेंडू बाणासारखा, आणि हातभर अंतरावरून होल चुकतो? अहो, दातांचे डॉक्टर तुम्ही! तेवढ्याशा तोंडात तेवढीशी सुई नेमकी घालता. तुमचा हात कापत असता तर अख्खं गाव बोळकं झालं असतं.

जावई : बाबा, तुम्ही दोन-चार वेळा जिंकलात तर एवढं काय बिघडलं?

सासरे : आलात मुद्द्यावर. मी जिंकतोय, हेच बिघडलंय. मी काही चांगला खेळत नाहीये. उलट गुडघा धरतो, चेंडू पूर्वीसारखा लांब जात नाही. तरी जिंकतोय. कुणीतरी मला जिंकवतंय. म्हाताऱ्याला कधी जिंकवतात, सांगू?

जावई : कधी?

सासरे : त्याचे थोडे दिवस राहिले असले की.

जावई : बाबा!

सासरे : ओरडू नका, माळी बघतोय. मला सरळ सांगा, माझ्या रिपोर्टमध्ये काय आलंय?

जावई : काही नाही आलं. तुम्हाला चक्कर आली ती कानामुळे. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं.

सासरे : माझ्यासमोर कानाचं सांगितलं. मग मला बाहेर बाकावर बसवलं आणि माझी लेक आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणते, 'रिपोर्ट छान आहे.' रिपोर्ट कधी छान असतो का? रिपोर्ट नॉर्मल असतो. छान असतं ते स्थळ!

जावई : रिपोर्ट नॉर्मल आहे. मी स्वतः वाचलाय, ओळ न् ओळ.

सासरे : ह्याच आवाजात तुम्ही पेशंटला म्हणता, 'अजिबात दुखणार नाही.' माझी दाढ काढलीत तेव्हा ऐकलाय मी हा आवाज.

जावई : दुखलं होतं का?

सासरे : डोळ्यांपुढे काजवे चमकले होते!

जावई : तेव्हा बोलला नाहीत.

सासरे : जावयाला काय बोलणार? आणि आता तुम्ही विषय बदलताय. ऐका, माझ्याकडे पुरावे आहेत. पहिला पुरावा, लेक रोज फोन करते. पूर्वी आठवड्यातून एकदा करायची, तोही घाईघाईत. आता रोज. 'बाबा जेवलात का, बाबा झोप लागली का.' आणि मग गप्प बसते. फोन ठेवत नाही, बोलतही नाही. नुसता श्वास ऐकू येतो.

जावई : काळजी वाटते तिला.

सासरे : दुसरा पुरावा, तुम्ही. काठ्या पुसून झाल्यावर पूर्वी गाडीकडे पळायचात, घरी जायचंय म्हणून. आता नळापाशी बाकावर बसून राहता. पुसलेली काठी परत पुसता. मी उठलो की उठता. माणसाला सोडून जाववत नाही तेव्हा माणूस असं करतो.

जावई : काठी ओली राहिली की गंजते, बाबा.

सासरे : बघा, कारण तयार. तिसरा पुरावा सगळ्यांत भारी. मागच्या आठवड्यात लेक घरी आली, आणि मी अंघोळीला गेल्यावर तिच्या जुन्या खोलीचं माप घेतलं. टेपने. मी बाहेर आलो तर टेप पर्समध्ये टाकत होती. मी म्हटलं, काय गं? तर म्हणे, सहज. सहज कुणी टेप घेऊन फिरतं का? खिडकीखालची भिंत मोजली तिने. पलंग लावणार आहात माझा तिथे. तो वर-खाली होणारा, दांडीवाला. उशाशी औषधांचं स्टूल, पायाशी नर्स, आणि शेजारी 'छान आहे, छान आहे' म्हणणारी तुम्ही मंडळी!

जावई : बाबा, बाबा, ऐका. माझ्याकडे बघा. तुम्हाला काहीही झालेलं नाही. डोकं, हृदय, साखर, सगळं ठीक आहे. मी खोटं बोलत असेन तर पुन्हा ह्या मैदानावर पाय ठेवणार नाही. मैदान सुटावं ही माझ्यासाठी सगळ्यांत मोठी शिक्षा, आणि ते तुम्हाला माहितीय.

सासरे : ...हं.

जावई : काय हं?

सासरे : हे खरं बोललात. आवाज बदलला तुमचा.

माळी : साहेब, हिरवळीवर पाणी सोडायचंय. आटपलं का?

सासरे : नाही आटपलं! तिकडे झाडांना सोड आधी.

माळी : झाडांना झालं सोडून, साहेब.

सासरे : मग परत सोड! झाडं काय नको म्हणणारेत?

जावई : बिचाऱ्यावर कशाला ओरडताय?

सासरे : म्हणजे मी मरत नाहीये.

जावई : नाही.

सासरे : हुश्श. अहो, खरं सांगतो, महिनाभर रात्ररात्र छताकडे बघत पडतोय मी. कपाटं आवरली. हिच्या साड्या वाटून टाकल्या. तुम्हाला माझा हा पटर द्यायचा असं मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. आता नाही देणार!

जावई : नका देऊ. वापरा तुम्हीच.

सासरे : थांबा. मी ठीक आहे. मग मला जिंकवता कशाला? आणि ती डॉक्टरकडे रडली कशाला? आणि भिंत कुणासाठी मोजली?

जावई : चला ना, काठ्या पुसतो. माळी खोळंबलाय.

सासरे : पुन्हा काठ्या! इथेच काहीतरी पाणी मुरतंय. बसा खाली. नाही, नको, उभे राहा. खिडकीखालची भिंत. तिथे सकाळभर ऊन येतं. आजाऱ्याचा पलंग उन्हात कोण ठेवेल? मी मूर्ख, माझ्या हे आधीच कसं ध्यानात आलं नाही! उजेड कशाला लागतो? उजेड टेबलाला लागतो. तिच्या त्या घरांचे नकाशे काढायच्या टेबलाला. तुमच्या घरी ते खिडकीखालीच आहे ना?

जावई : ...हो.

सासरे : बोला.

जावई : मला बोलता येणार नाही.

सासरे : का?

जावई : शब्द दिलाय तिला. तुम्हाला ती स्वतः सांगणार आहे. मी अवाक्षर काढायचं नाही असं ठरलंय.

सासरे : कधी सांगणार?

जावई : उद्या. जेवायला येतेय ना ती.

सासरे : येतेय. एकटी येतेय म्हणाली. मी विचारलं, ह्यांचं काय? तर म्हणे, 'त्याला काम आहे.' सुट्टीच्या दिवशी कुणाची दाढ दुखणारेय, तेव्हाच म्हटलं मी. ठीक आहे. शब्द दिलाय तर बोलू नका. शब्द मोडणारा माणूस मला चालत नाही. बोलणार मी. तुम्ही फक्त ह्या चेंडूपाशी उभे राहा.

जावई : म्हणजे काय करायचं?

सासरे : मी एकेक गोष्ट म्हणतो. ती चूक असेल तर चेंडू आत घाला. बरोबर असेल तर तिथेच राहू द्या. ह्यात तुम्ही काही बोललात असं होत नाही. तुम्ही पटिंगचा सराव करताय.

जावई : बाबा, नको ना.

सासरे : काठी धरा. डोळे बरोबर चेंडूच्या वर. मनगट घट्ट. धरलीत? माझी लेक माझ्याकडे राहायला येतेय.

जावई : ...

सासरे : मारला नाहीत.

जावई : ...

सासरे : बरं. थोड्या दिवसांसाठी येतेय. नकाशाचं काही मोठं काम आहे, शांतता हवी आहे, म्हणून चार दिवस माहेरी.

जावई : ...

सासरे : गेला आत. म्हणजे चार दिवसांसाठी नाही, कायमची.

जावई : बाबा...

सासरे : आवाज आला मला. स्पष्ट आला. मान खाली ठेवून मारलात. छान मारलात. ह्या वेळी मनगट नाही उघडलं.

जावई : बाबा, बसा तुम्ही. त्या बाकावर बसा.

सासरे : मला काही झालेलं नाही! आत्ताच सांगितलंत ना तुम्ही? कान सोडून सगळं शाबूत आहे. कोण आहे ती?

जावई : कोण?

सासरे : बाई! कुणीतरी असणारच. दवाखान्यातली ती हसरी? दाताच्या डॉक्टरकडे एवढं हसण्यासारखं काय असतं, मला पहिल्यापासून शंका होती.

जावई : कुणी नाही. चेंडू ठेवा, आत घालून दाखवतो.

सासरे : मग तिच्या बाजूने कुणी?

जावई : नाही हो. तुम्ही तुमच्या लेकीला ओळखत नाही का?

सासरे : ओळखतो. म्हणून तर तुमच्यावर आधी आलो. मग झालं तरी काय? भांडण?

जावई : भांडण झालं असतं तर बरं होतं. काहीच झालं नाही. मी घरी जातो, ती टेबलाशी असते. जेवतो, भांडी आवरतो, ती दिवा लावून परत टेबलाशी. 'गॅस बंद केलास का', 'दार लावलंस का', एवढंच बोलणं उरलं. एके दिवशी तिने मोजून बघितलं म्हणे, सबंध आठवड्यात आम्ही एकमेकांना एकही प्रश्न असा विचारला नाही ज्याचं उत्तर हो किंवा नाही सोडून दुसरं काही असेल. शब्द दिला होता मी तिला. मोडला बघा.

सासरे : मोडला नाहीत, मी फोडला. कस्टमचा माणूस आहे मी. त्या दिवशी डॉक्टरकडे आत रडली ती हेच?

जावई : डॉक्टर तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा भाऊ. त्याने सहज विचारलं, तुझं कसं चाललंय. तिथे बांध फुटला तिचा.

सासरे : परक्याजवळ रडली. बापाजवळ नाही.

जावई : तुम्हाला त्रास नको म्हणून.

सासरे : त्रास! महिनाभर मी स्वतःची तिरडी बांधून बसलो होतो, तो त्रास नव्हता वाटतं? आणि लाज सांगू का तुम्हाला? मघाशी मरत नाहीये म्हटल्यावर मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं की माळ्याला मिठी मारावी. आणि तेवढ्यात हे. आता वाटतं, रिपोर्टच खराब निघाला असता तर चाललं असतं.

जावई : असं बोलू नका हो.

सासरे : बोलणार! मला राग आलाय. तुमचा आलाय, तिचा आलाय. दोघं एवढी शिकलेली, घर चांगलं, तब्येती चांगल्या, आणि बोलता येत नाही? इथे माझ्याशी तर तोंडाचा पट्टा चालू असतो तुमचा. हिरवळीचा उतार, वारा, तुमचे पेशंट, तो खवळलेला वकील ज्याने तुमचं बोट चावलं...

जावई : तेच म्हणाली ती.

सासरे : काय?

जावई : वकिलाची गोष्ट तिला तुमच्याकडून कळली. फोनवर तुम्ही तिला हसत हसत सांगितलीत, आणि तिला ठाऊकच नव्हतं. माझ्या बोटाला पट्टी होती, तिने विचारलं होतं काय झालं, मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, 'तुझं लग्न माझ्याशी झालंच नाही. बाबांशी झालंय.'

सासरे : म्हणजे माझ्यामुळे.

जावई : नाही. माझ्यामुळे.

सासरे : खोटं. ठेवू का चेंडू?

जावई : ठेवा. आत घालतो.

सासरे : दर सुट्टीच्या सकाळी मी तुम्हाला घेऊन यायचो. ती बिछान्यात असायची तेव्हाच गाडीचा हॉर्न वाजवायचो. एकदा खिडकीतून म्हणाली, 'बाबा, आजच्या दिवस राहू दे त्याला.' मी म्हटलं, अगं, पटिंग बिघडलंय त्याचं. पटिंग!

जावई : यायचं मला होतं. मी दारात तयार असायचो. तुम्ही हॉर्न नसता वाजवला तर मी फोन केला असता.

सासरे : मग हरत का होतात ते सांगा. आता शेवटचं तेवढं राहिलंय. मी मरत नाही, तुमच्याकडे माझी कीव करायला कारण नाही. मग?

जावई : हसाल तुम्ही.

सासरे : मला हसू येईल असं वाटतंय का तुम्हाला आत्ता?

जावई : हरलो की तुमच्या काठ्या पुसायला मिळायच्या.

सासरे : म्हणजे?

जावई : जिंकलो की काठ्या तुम्ही पुसायचात, मी लगेच मोकळा. मोकळा होऊन जाणार कुठे? घरी ती टेबलाशी. हरलो की अजून थोडा वेळ थांबायला कारण असायचं. तुम्ही बाकावर बसायचात, मी नळापाशी. तुम्ही माझ्या चुका सांगायचात. त्यातून, ती एकदा तुमच्याकडे राहायला आली की हे सगळं बंदच होणार. मग म्हटलं, आहे तोवर.

सासरे : आणि म्हणून पुसलेली काठी परत पुसायचात.

जावई : हो.

सासरे : मला वाटायचं, तुम्ही माझा निरोप घेताय.

जावई : घेतच होतो. कारण वेगळं होतं, एवढंच.

माळी : साहेब, झाडांना दुसऱ्यांदा झालं. आता हिरवळीवर सोडू?

सासरे : थांब रे बाबा जरा. तुझं पाणी काही वाफ होऊन जात नाही.

जावई : चला, बाबा. खरंच उशीर झाला.

सासरे : उद्या ती येईल. सांगेल. मी काय करू? मला सोंग येत नाही. ती 'बाबा, मला बोलायचंय' म्हणेल आणि माझा चेहराच आधी सगळं ओकून मोकळा होईल.

जावई : तुम्ही आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचलेत.

सासरे : वाचलेत. स्वतःचा कधी लपवायची वेळ आली नाही. मी एक करतो, तिचं बोलणं संपेपर्यंत मान खाली घालून बसतो. जेवणाच्या ताटाकडे बघतो. मध्ये बोलत नाही, उपदेश करत नाही. पूर्ण ऐकून मगच वर बघतो.

जावई : जमेल तुम्हाला?

सासरे : तुम्हाला शिकवत आलो, आता स्वतः करून बघतो. आणि तुमच्याकडून मला काही कळलेलं नाही. आपण आज फक्त पटिंगचा सराव केला.

जावई : हो. आणि नंतर?

सासरे : नंतर तिला विचारीन, की मी ह्या माणसाबरोबर खेळायला जाऊ का. चोरून नाही येणार. माझ्याच घरात राहून तिला माझ्यावर टेहळणी करायची वेळ यायला नको.

जावई : आणि नाही म्हणाली तर?

सासरे : तर नाही. ती माझी मुलगी आहे.

जावई : ...हं. बरोबर आहे.

सासरे : बरोबर आहे म्हणून काय झालं? मला आवडणार नाही ते! अजिबात आवडणार नाही. बाकावर एकटा बसून काय करू, काठ्यांशी बोलू? पण तिने नाही म्हटलं तर नाही.

जावई : मी आता तुम्हाला काय म्हणायचं? पूर्वीसारखं काका म्हणू?

सासरे : काका म्हणून तर बघ. ह्याच पटरने झोडपीन. बाबा म्हणायचं, जिथे भेटशील तिथे. आणि मी तुला आता जावईबापू म्हणणार नाही. फार वर्षं जीभ वळवली. हिने रागवायचं तर रागवू दे तिकडे.

जावई : मग काय म्हणाल?

सासरे : वाकड्या. ये इकडे. ह्या टोकाला ये. होल तिकडे, पार त्या कडेला. दिसतोय ना?

जावई : एवढ्या लांबून? मध्ये उतार आहे, बाबा. वर बोलता बोलता दव पण सुकलं, चेंडू पळेल.

सासरे : म्हणूनच. जवळून कुणीही घालतं. आधी चालत जाऊन उतार बघून ये. बघितलास? आता खांद्यातून मार. हाताने ढकलू नकोस. आणि हे खरं धरायचं. आत गेला तर तुझ्या काठ्या मी पुसणार, आज.

जावई : आणि चुकला तर मी तुमच्या.

सासरे : चुकला तर तू माझ्या. म्हणजे कसाही गेला तरी आपण अजून थोडा वेळ इथेच. मुद्दाम चुकायचं तुला काही कारण उरलेलं नाही. मार आता खरा फटका. आणि मान?

जावई : खाली.

सासरे : कधीपर्यंत?

जावई : आवाज येईपर्यंत.

माळी : साहेब...

सासरे : श्श! मार.

जावई : ...बाबा, आवाज नाही आला.

सासरे : मान वर करू नकोस. अजून चाललाय.